लॅपटॉपला दिसते ते जुन्या संगणकाला का दिसत नाही?

प्रश्न : वडिलांच्या टायपिंगच्या दुकानातला ४८६ संगणक आमच्याकडे अजून आहे. त्याची हार्ड डिस्क बंद पडली, म्हणून तिच्या जागी बसवायला मी कॉम्पॅक्ट फ्लॅश कार्ड आणि त्याचा अडॅप्टर मागवला. लॅपटॉपवर डॉस आणि डॉसचे काही जुने प्रोग्रॅम डाउनलोड करून कार्डवर टाकले. लॅपटॉपमध्ये सगळ्या फाइली व्यवस्थित उघडतात. तेच कार्ड जुन्या संगणकात घातले की पडद्यावर फक्त ‘मिसिंग ऑपरेटिंग सिस्टिम’ एवढेच येते. दुकानदार म्हणतो कार्ड नकली आहे. मित्र म्हणतो संगणकच गेला. खरे काय समजायचे? — एक वाचक, लामता (जि. बालाघाट)

उत्तर : दोघांचेही म्हणणे बहुधा चूक आहे, आणि तसे सांगणारा पुरावा तुमच्याच पत्रात आहे. ‘मिसिंग ऑपरेटिंग सिस्टिम’ ही ओळ संगणकाच्या पोटातून आलेली नाही, ती कार्डावरून आलेली आहे. डिस्कच्या अगदी पहिल्या ५१२ बाइटांत एक छोटा प्रोग्रॅम असतो. संगणक सुरू झाला की बायोस, म्हणजे मदरबोर्डवरचा मूळ प्रोग्रॅम, तो वाचतो आणि चालवतो. हा प्रोग्रॅम पुढे ऑपरेटिंग सिस्टिमची सुरुवात शोधायला जातो आणि ती सापडली नाही की ही ओळ छापतो. म्हणजे तुमच्या बायोसला कार्ड सापडले, त्याने त्याचे पहिले पान, म्हणजे ते ५१२ बाइट, वाचले आणि तिथला प्रोग्रॅम चालवलाही. केबल उलटी असती किंवा कार्ड मेलेले असते तर हार्ड डिस्क मिळत नसल्याची तक्रार बायोसनेच केली असती. गाडी इथपर्यंत बरोबर आली आहे, अडले आहे ते पुढच्या पायरीवर.

आता मुख्य गोंधळ. आपण समजतो की कार्डावर फाइल आहे म्हणजे आहे, कुठल्याही यंत्राने ती वाचावी. पण कार्डावर फाइली नसतात, क्रमाने लावलेले कप्पे असतात. कुठला कप्पा कुठल्या फाइलचा, यादी कुठे ठेवली आहे, मोजणी कुठून सुरू करायची, हे सगळे संकेत ठरलेले असतात. तुमचा लॅपटॉप आणि तुमचा ४८६ यांचे हे संकेत वेगळे आहेत. लामत्याच्या माणसाला हे समजायला अवघड जाऊ नये. तुमच्याच रेल्वेमार्गावर २ फूट ६ इंच रुंदीची छोटी लाइन होती आणि गोंदियाला ५ फूट ६ इंचांची मोठी. दोन्हीकडे लोखंडाचेच रूळ, तरी मोठ्या लाइनचा डबा छोटीवर चढत नसे, गोंदियात माल उतरवून पुन्हा भरावा लागे. तुम्ही लॅपटॉपच्या लाइनवर भरलेला डबा थेट ४८६ च्या रुळांवर ठेवला आहे. रूळ आधी जुन्या संगणकाकडून घालून घ्यायचे आणि लॅपटॉपने फक्त माल भरायचा, एवढा क्रम पाळला तर काम होते.

क्रमाकडे वळण्यापूर्वी तुमच्या निवडीबद्दल. तुम्ही कॉम्पॅक्ट फ्लॅश कार्ड घेतलेत हे फार चांगले केले. सॅनडिस्क कंपनीने १९९४ मध्ये हा प्रकार आणला, तेव्हाच त्याला हार्ड डिस्कची आयडीई भाषा बोलण्याची सोय ठेवली होती. म्हणून अडॅप्टरमध्ये अक्कल अशी काही नसते. कार्डाच्या ५० टाचण्यांतल्या लागतील त्या हार्ड डिस्कच्या ४० टाचण्यांच्या केबलशी जोडायच्या आणि वीज पुरवायची, एवढेच त्याचे काम. संगणकाला ते कार्ड म्हणजे एक लहानशी, आवाज न करणारी हार्ड डिस्कच वाटते. मोबाइलमधल्या एसडी कार्डाचे तसे नाही. त्याची भाषा निराळी, त्यामुळे त्याच्या अडॅप्टरवर दुभाष्याचे काम करणारी चिप असावी लागते, आणि स्वस्त अडॅप्टरांत ती चिप जुन्या बायोसशी नीट बोलतेच असे नाही. पेनड्राइव्हचा विचार तर सोडूनच द्या. ४८६ प्रोसेसर १९८९ चा, यूएसबीची पहिली आवृत्ती १९९६ ची. त्या संगणकाला ते भोक नाही आणि डॉसला त्याची माहितीही नाही.

कार्ड घालताना-काढताना संगणक पूर्ण बंद असला पाहिजे. लॅपटॉपच्या कार्ड रीडरमधून आपण चालू असताना कार्ड काढतो, ती सवय इथे कार्ड आणि मदरबोर्ड दोन्हींना महागात पडू शकते. अडॅप्टरच्या आतल्या टाचण्या नाजूक असतात, म्हणून कार्ड सरळ ढकलायचे. वाकडे घालून जोर केला की टाचणी दुमडते.

झाकण उघडलेच आहे तर मदरबोर्डवरची बॅटरीही पाहा. ४८६ च्या काळातल्या अनेक बोर्डांवर पिंपाच्या आकाराची, बहुधा निळी, निकेल-कॅडमियमची बॅटरी डाखलेली असते. वर्षे गेली की ती पाझरते आणि आसपासच्या तांब्याच्या रेषा खाऊन टाकते. हिरवट-पांढरी बुरशीसारखी पूड दिसली तर बॅटरी आधी काढून घ्या, तुमच्याकडच्या जंगलपट्टीतल्या पावसाळी दमट हवेत तर अजिबात थांबू नका. या बॅटरीचा आपल्या प्रश्नाशीही थेट संबंध आहे. ती मेली असेल तर संगणक बंद केल्यावर बायोस तारीख विसरतो आणि डिस्कचे आकडेही विसरतो. आज नीट चाललेले कार्ड उद्या सकाळी पुन्हा ‘हरवते’ आणि माणूस नाहक कार्डाला दोष देतो.

आता त्या आकड्यांकडे येऊ, कारण सगळ्या गोंधळाचे मूळ तिथे आहे. जुन्या हार्ड डिस्कवरची जागा तीन आकड्यांनी सांगितली जाई : कितवे सिलिंडर, कितवे हेड, कितवा सेक्टर. बायोसला १०२४ सिलिंडर, २५६ हेड आणि ६३ सेक्टरांपर्यंत मोजता येई. आयडीई डिस्कला सिलिंडर भरपूर चालत, पण हेड मात्र १६ च. दोघांनी एकमेकांशी बोलायचे तर दोघांना समजतील तेच आकडे वापरावे लागत, म्हणजे १०२४ सिलिंडर, १६ हेड, ६३ सेक्टर. या तिघांचा गुणाकार करून सेक्टरच्या ५१२ बाइटांनी गुणले की ५२,८४,८२,३०४ बाइट येतात. संगणकाच्या मोजणीत हे होतात ५०४ एमबी. दोन्ही बाजूंची क्षमता याहून कितीतरी जास्त होती, पण मर्यादा मात्र प्रत्येक आकड्यातल्या कमी क्षमतेच्या बाजूने ठरली. १९९४ च्या सुमारास नव्या बायोसांनी पत्ता बदलून सांगण्याची युक्ती आणली आणि ही भिंत मोडली. तुमचा ४८६ त्याआधीचा असेल तर ५०४ एमबीच्या पुढचे त्याला दिसणार नाही.

म्हणून ३२ जीबीचे कार्ड घेण्यात काही फायदा नाही. ‘५१२ एमबी’ लिहिलेले जुने कार्ड सहसा या मर्यादेत नीट बसते, कारण कार्ड बनवणारे दशमान पद्धतीने मोजतात. डॉसच्या काळातले प्रोग्रॅम इतके लहान होते की एवढ्या जागेत दुकानभर सॉफ्टवेअर मावेल. एक पूर्ण फ्लॉपी १.४४ एमबीची, म्हणजे या कार्डावर तीनशेहून जास्त फ्लॉप्यांचा ऐवज राहतो. तुमच्याकडे मोठेच कार्ड असेल तर बायोस ते पाहून गोठत नाही ना एवढे तपासा, गोठत नसेल तर त्याचा पहिला ५०४ एमबीचा भाग वापरता येईल.

बायोसच्या सेटअपमध्ये शिरण्यासाठी संगणक सुरू होताना डिलीट किंवा एफ-१ कळ दाबावी लागते, कोणती ते पडद्यावरच लिहून येते. तिथे हार्ड डिस्क आपोआप ओळखण्याची सोय असेल तर ती वापरा. नसेल तर तीन आकडे हाताने भरा आणि भरलेले आकडे झाकणाच्या आतल्या बाजूला चिठ्ठी चिकटवून लिहून ठेवा. एकदा डिस्क तयार झाल्यावर हे आकडे बदलायचे नाहीत, का ते पुढे येईलच.

तुमच्या कार्डावर नेमके काय झाले असावे ते आता सांगता येईल. लॅपटॉपने कार्डाचे भाग पाडताना, म्हणजे पार्टिशन करताना, २५५ हेड आहेत असे धरून सुरुवातीचा पत्ता लिहिला. ४८६ चा बायोस १६ हेड धरतो. पत्ता तोच, पण मोजायची रीत बदलली की पोचण्याचे ठिकाण बदलते. पहिल्या पानावरचा प्रोग्रॅम त्या पत्त्यावर गेला, तिथे त्याला ऑपरेटिंग सिस्टिमच्या सुरुवातीऐवजी भलताच मजकूर मिळाला आणि त्याने हात वर केले. लॅपटॉपला असली अडचण येत नाही. तो हेड-सिलिंडर मोजत बसत नाही, पहिल्यापासून शेवटपर्यंत कप्प्यांचे सलग क्रमांक वापरतो.

समजा, पत्ता योगायोगाने जुळला असता, तरी संगणक सुरू झाला नसता. हा या विषयातला सर्वांत पसरलेला गैरसमज आहे. डॉसच्या फाइली कार्डावर कॉपी केल्या म्हणजे कार्ड ‘डॉसचे’ होत नाही. पार्टिशनच्या पहिल्या सेक्टरमध्ये डॉसची स्वतःची सुरुवातीची आज्ञावली लिहावी लागते आणि ती फाइल म्हणून दिसत नाही, त्यामुळे ती कॉपीही होत नाही. विंडोजने फॉरमॅट केलेल्या कार्डावर तिथे विंडोजची आज्ञावली असते. ती डॉसच्या नव्हे, विंडोजच्या फाइली शोधत बसते.

तिसरी अडचण फॉरमॅटची. एमएस-डॉस ६.२२ ही त्या मालिकेतली सुटी विकली गेलेली शेवटची आवृत्ती, १९९४ ची. तिला फॅट-१६ पर्यंतचेच प्रकार कळतात आणि एका पार्टिशनला तिची मर्यादा २ जीबी. फॅट-३२ हा प्रकार १९९६ मध्ये विंडोज ९५ च्या सुधारित आवृत्तीबरोबर आला आणि एक्सफॅट त्यानंतर दहा वर्षांनी. आजचा लॅपटॉप मोठे कार्ड फॉरमॅट करताना बहुतेक वेळा एक्सफॅटच सुचवतो. डॉसला त्यातले अक्षरही वाचता येत नाही. तुमच्या वडिलांकडे डॉस ३.३ च्या फ्लॉप्या असतील तर आणखी सांभाळा, कारण तिला ३२ एमबीच्या वरचे पार्टिशनच चालत नाही.

तेव्हा कार्ड तयार करायचे काम ४८६ लाच करू द्या. त्यासाठी डॉसची एक सुरुवातीची फ्लॉपी लागेल. वडिलांच्या खणात असेल तर उत्तमच. नसेल तर फ्रीडॉस हे मुक्त सॉफ्टवेअर बिनदिक्कत डाउनलोड करून वापरा. मायक्रोसॉफ्ट डॉस गुंडाळणार असे दिसल्यावर जिम हॉल यांनी १९९४ मध्ये ते सुरू केले आणि त्याची १.३ ही आवृत्ती २०२२ मध्ये निघाली. जुन्या यंत्रांसाठी त्यात फ्लॉपीची वेगळी आवृत्तीही दिली आहे. लॅपटॉपला जोडायचा यूएसबी फ्लॉपी ड्राइव्ह साडेतीन इंची फ्लॉपी लिहू शकतो. तुमच्या संगणकाला फक्त सव्वापाच इंची ड्राइव्ह असेल तर हा मार्ग बंद. तेव्हा फ्लॉपी ड्राइव्हच्या जागी बसणारे आणि पेनड्राइव्हवरच्या प्रतिमांना, म्हणजे फ्लॉपीची जशीच्या तशी प्रत असलेल्या फाइलींना, फ्लॉपी म्हणून पुढे करणारे गोटेक नावाचे यंत्र मिळते, ते बसवा.

फ्लॉपीवरून संगणक सुरू झाला की ‘एफडिस्क’ ही आज्ञा द्या. लॅपटॉपने केलेले पार्टिशन तिथे ‘नॉन-डॉस’ म्हणून दिसण्याची शक्यता आहे. ते आधी काढून टाका, मग प्रायमरी डॉस पार्टिशन करा आणि ते अ‍ॅक्टिव्ह म्हणून नेमा. नेमायचे राहिले तर पुढचे सगळे बरोबर होऊनही संगणक त्या पार्टिशनकडे बघणार नाही. शिवाय एफडिस्क पार्टिशन बदलतो, पण पहिल्या पानावर आधीपासून प्रोग्रॅम असेल तर त्याला हात लावत नाही. तुमच्या कार्डावर तो लॅपटॉपने लिहिलेला आहे. म्हणून ‘एफडिस्क’ शब्दापुढे तिरकी रेघ देऊन ‘एमबीआर’ अशी आज्ञा एकदा द्यावी, म्हणजे डॉसचा स्वतःचा प्रोग्रॅम तिथे बसतो. मग संगणक पुन्हा सुरू करून ‘फॉरमॅट सी’ ला तिरकी रेघ आणि ‘एस’ जोडून फॉरमॅट करा. त्या ‘एस’मुळेच डॉसच्या मूळ फाइली आणि ती न दिसणारी आज्ञावली कार्डावर जाते. ही रीत एमएस-डॉसची आहे. फ्रीडॉसमध्ये फॉरमॅट झाल्यावर ‘सिस’ ही आज्ञा वेगळी द्यायची. आता फ्लॉपी काढा आणि संगणक सुरू करा. सी चे चिन्ह पडद्यावर आले की रूळ घातले गेले.

याच वेळी, कार्ड रिकामे आणि सुरू होणारे असताना, ते लॅपटॉपला लावून त्याची संपूर्ण प्रतिमा काढून ठेवा. पुढे काही बिघडले तर एफडिस्कपासून सगळा खटाटोप पुन्हा करावा लागणार नाही.

इथून पुढे लॅपटॉपचे काम. कार्ड रीडरमध्ये कार्ड घाला, विंडोज ते वाचेल, कारण नव्याला जुने संकेत कळतात. अडचण फक्त उलट दिशेने असते. मध्येच ‘कार्ड फॉरमॅट करू का’ असे विचारले गेले तर नाही म्हणा. आता प्रोग्रॅम कॉपी करा आणि काढण्यापूर्वी ‘इजेक्ट’ करायला विसरू नका. विंडोज लिहिण्याचे काम मागे ठेवते आणि कार्ड घाईने ओढले तर फाइलींची यादी अर्धवट राहते. नंतर डॉसमध्ये ‘सिस्टिम’च्या पुढे लाटेसारखे चिन्ह आणि १ असा एक अनोळखी फोल्डर दिसला तर घाबरू नका. तो विंडोजने स्वतःच्या नोंदीसाठी केलेला असतो.

डाउनलोड केलेली फाइल बहुतेकदा झिप असते. ती लॅपटॉपवरच सोडवा. डॉसमध्येही पीकेअनझिप चालते, पण आजच्या साधनांनी केलेल्या काही झिप फाइली त्या जुन्या प्रोग्रॅमला सुटत नाहीत, आणि ४८६ वर वेळही फार जातो. नावांकडे लक्ष द्या. डॉसला नावाची आठ अक्षरे आणि शेपटाची तीन एवढीच चालतात, लांब नावे तो कापून दाखवतो. प्रोग्रॅम स्वतःच्या फाइली ठरावीक नावाने शोधत असेल तर कापलेल्या नावामुळे तो चालत नाही. सगळे मूळ फोल्डरमध्येच ओतू नका. फॅट-१६ मध्ये तिथे ५१२ नोंदींचीच जागा असते आणि एक लांब नाव अनेक नोंदी खाते. कार्ड जवळजवळ रिकामे असताना ‘जागा नाही’ असा संदेश येतो तो यामुळेच. प्रत्येक प्रोग्रॅमला आपला फोल्डर द्या.

एक प्रकार मात्र वेगळा ठेवा. काही डाउनलोड फ्लॉपीची प्रतिमा असतात, शेपटाला ‘आयएमजी’ लावलेल्या. ती फाइल कार्डावर तशीच ठेवून उपयोग नाही. ती एकतर खऱ्या फ्लॉपीवर लिहावी लागते किंवा लॅपटॉपवर उघडून आतल्या फाइली बाहेर काढाव्या लागतात. शाळांतल्या जुन्या बीबीसी मायक्रो संगणकांचा प्रकार याच्या बरोबर उलटा आहे. केंद्र सरकारच्या ‘क्लास’ या शालेय संगणक शिक्षणाच्या प्रकल्पातून १९८० च्या दशकाच्या मध्यात देशभरच्या शाळांना हे संगणक मिळाले होते. त्यांना आज एसडी कार्ड जोडतात तेव्हा एकाच मोठ्या फाइलमध्ये ५११ फ्लॉप्यांच्या प्रतिमा जशाच्या तशा ठेवायच्या असतात. तिथे प्रतिमा सोडवली तर काहीच चालणार नाही. ज्या यंत्रासाठी काम करायचे त्याची रीत आधी पाहायची, ती अशा फरकांसाठी.

सगळे बरोबर करूनही एखादा प्रोग्रॅम ‘डॉसमध्ये चालवता येणार नाही’ असे सांगून बंद पडला, तर तो विंडोजचा प्रोग्रॅम आहे. शेपूट ‘ईएक्सई’ दोघांचेही, म्हणून फसगत होते. मेमरी कमी पडते असे म्हणाला तर ४८६ मध्ये ८ एमबी असली तरी डॉसच्या प्रोग्रॅमला थेट मिळतात त्या पहिल्या ६४० केबी, हे लक्षात घ्या. ‘हायमेम’ आणि ‘ईएमएम३८६’ ही साधने सुरुवातीलाच चढवली की त्यातली थोडी जागा मोकळी होते.

टायपिंगच्या दुकानाचा संगणक म्हटल्यावर मराठी-हिंदीचा प्रश्न येणारच, म्हणून न विचारता सांगतो. लॅपटॉपवर टाइप केलेला मराठी मजकूर या कार्डावर नेला तर डॉसमध्ये चिन्हांचा कचरा दिसेल. फाइल खराब झालेली नसते. आजच्या युनिकोडच्या प्रचलित रीतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते आणि डॉस प्रत्येक बाइटला एक अक्षर धरतो. त्या काळी देवनागरीसाठी ‘इस्की’ हा भारतीय संकेत होता. १९९१ मध्ये भारतीय मानक ब्युरोने तो मानक म्हणून स्वीकारला. त्यात इंग्रजी अक्षरे जागच्या जागी राहत आणि बाइटच्या वरच्या १२८ जागांत भारतीय लिपी बसे. पण डॉसच्या पडद्यावर जोडाक्षरे, रफार आणि वेलांट्या उमटवणार कोण? ते काम ‘जिस्ट’ कार्ड करी. मोहन तांबे यांच्या पुढाकाराने आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेले हे काम पुढे पुण्याच्या सीडॅकमध्ये वाढले. हे कार्ड संगणकाच्या आत खाचेत बसते, कळफलक आणि पडदा यांच्यामध्ये उभे राहते आणि साध्या इंग्रजी प्रोग्रॅममध्येही देवनागरी आणते. तुमच्या संगणकात असे कार्ड असेल तर ते मुळीच काढू नका. त्याची जागा डाउनलोड केलेली कुठलीही फाइल घेऊ शकत नाही. त्याचप्रमाणे त्या काळच्या अनेक डीटीपी सॉफ्टवेअरना प्रिंटरच्या पोर्टला लावायचे एक छोटे कुलूप असे. ते नसेल तर सॉफ्टवेअर कार्डावर जाईल, पण उघडणार नाही. खणात बोटाएवढी, दोन्ही बाजूंना टाचण्यांचे तोंड असलेली डबी सापडली तर ती हीच.

डाउनलोडबद्दल कायद्याचे एक बोलायला हवे. ‘जुने झाले म्हणजे फुकट झाले’ हे खरे नाही. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात संगणक प्रोग्रॅम साहित्यकृतीत मोडतो आणि त्याचा हक्क अनेक दशके टिकतो. कंपनी बंद पडली किंवा विक्री थांबली म्हणून तो संपत नाही. मायक्रोसॉफ्टने डॉसच्या १.२५, २.० आणि २०२४ मध्ये ४.०० या आवृत्त्यांचा स्रोत मुक्त परवान्याने खुला केला, पण ६.२२ चा नाही. दुसरीकडे, ज्याच्याकडे रीतसर घेतलेली प्रत आहे त्याला हानीपासून बचाव म्हणून तिची प्रत करून ठेवण्याची मुभा हाच कायदा कलम ५२ मध्ये देतो. तेव्हा वडिलांच्या मूळ फ्लॉप्यांवरून कार्ड भरण्यात काही गैर नाही आणि बाकीच्यासाठी फ्रीडॉसचा संग्रह मोठा आहे. व्हायरसची भीती अर्धीच खरी आहे. आजचा विंडोजचा व्हायरस डॉसमध्ये चालू शकत नाही. मात्र जुन्या डाउनलोडमध्ये त्याच काळातला डॉसचा व्हायरस दडलेला असू शकतो आणि तो तुमच्या ४८६ वर आजही चालेल. म्हणून फाइली लॅपटॉपवर तपासूनच न्या.

फ्लॅश कार्ड लवकर झिजते म्हणून ते हार्ड डिस्कच्या जागी वापरू नये, असेही तुम्हाला कोणी सांगेल. फ्लॅशच्या प्रत्येक कप्प्याला पुसून लिहिण्याची मर्यादा असते हे बरोबर. पण डॉस फारच कमी लिहितो. प्रोग्रॅम वाचतो, फाइल जतन करताना लिहितो आणि गप्प बसतो. विंडोज ९५ सारखी प्रणाली मेमरी कमी पडली की डिस्कवर सतत लिहीत राहते, तिथे ही काळजी रास्त आहे. खरी काळजी वेगळी आहे : वर्षानुवर्षे वीज न मिळता पडून राहिलेले कार्ड हळूहळू मजकूर विसरू शकते. म्हणून प्रोग्रॅम भरून झाल्यावर संपूर्ण कार्डाची दुसरी प्रतिमा लॅपटॉपवर काढून ठेवा.

शेवटी, बंद पडलेल्या हार्ड डिस्कविषयी एक विनंती. ती भंगारात देऊ नका. टायपिंगच्या दुकानात गावातले अर्ज, करारपत्रे, लग्नपत्रिका, संस्थांच्या कागदपत्रांचे मसुदे तयार झालेले असतात आणि त्यातले कितीतरी दुसरीकडे कुठेही नसतात. आयडीई डिस्क यूएसबीला जोडणारी केबल स्वस्तात मिळते. ती लावून पाहा, डिस्क फिरली आणि वाचली गेली तर काहीही न लिहिता आधी तिची संपूर्ण प्रत घ्या. फार जुन्या डिस्का या केबलला ओळख देत नाहीत, तेव्हा ती ४८६ मध्येच दुसरी डिस्क म्हणून जोडा आणि फाइली नव्या कार्डावर उतरवा, कार्ड लॅपटॉपला लावले की काम झाले. इस्कीमध्ये लिहिलेला मजकूर युनिकोडमध्ये आणणारे प्रोग्रॅम आज उपलब्ध आहेत, कारण युनिकोडमधली देवनागरी इस्कीच्याच मांडणीवर बेतलेली आहे. डिस्क खरखरत असेल, टकटक आवाज करत असेल तर मात्र पुन्हा पुन्हा चालू करून पाहू नका. ती बाजूला ठेवा आणि नागपूर-जबलपूरसारख्या शहरात डेटा काढून देणाऱ्या जाणकाराकडे न्या.